चिऱ्याची भिंत, खारी हवा आणि घरातलं ड्रिल

श्रावण सरत आला की मालवणच्या हार्डवेअरच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. रंगाचे डबे, हूक, खिळे, दोरी, होल्डर. चाकरमानी मुंबईहून येताना बॅगेत ड्रिल मशीन घेऊन येतो आणि चतुर्थीला चार दिवस उरलेले असताना गणपतीच्या खोलीत काम काढतो. वर्षभर पुरतील एवढ्या गजाली याच दिवसांत तयार होतात. नव्या रंगाच्या भिंतीवर लाल धुरळ्याचा ओघळ, दोन चिकटलेली बोटं घेऊन आरतीला उभा असलेला माणूस, छपरातून माजघरात उतरलेला एक पाय.

या गजालींवर हसावंच, त्यात वाईट काही नाही. पण चार गजाली शेजारी ठेवून पाहिल्या तर त्यांतल्या बहुतेकींचं मूळ एकच निघतं. यंत्राच्या खोक्यातली पुस्तिका विटेची किंवा काँक्रीटची भिंत आणि कोरडी हवा धरून लिहिलेली असते. आपलं घर जांभ्या चिऱ्याचं, हवेत मीठ, आणि लाकूड वर्षातले चार महिने ओलं. तेव्हा हत्यार कुठूनही आणा, ते चालवायची रीत मात्र इथली हवी. त्या रीतीबद्दल हा लेख.

सुरुवात भिंतीपासून, कारण सर्वांत जास्त फजिती तिथेच होते. खाणीतून काढलेला ताजा चिरा इतका मऊ असतो की तो तासून चौकोनी करता येतो; उन्हावाऱ्यात सुकल्यावर तो घट्ट होतो. पण घट्ट झाला तरी तो सगळीकडे सारखा नसतो. त्याच्या पोटात लहान लहान पोकळ्या आणि मऊ मातीचे कप्पे असतात. ड्रिल लावलं की पहिले दोन सेंटिमीटर गिलाव्यातून कष्टाने जातं, मग एकदम आत घुसतं, आणि हाताचा जोर तसाच राहिल्यामुळे मशीनचं तोंड भिंतीवर आदळतं. भोक फनेलसारखं पसरतं. प्लग आत टाकला की गरगर फिरतो. मग माणूस मोठा प्लग आणतो, त्यासाठी मोठं भोक करतो, तेही पसरतं. घड्याळासाठी सुरू झालेल्या कामाचा शेवट मूठभर सिमेंट आणायला माणूस धाडण्यात होतो, आणि तोवर खालच्या पाटावर लाल धुरळ्याचा थर बसलेला असतो.

चिऱ्यात भोक पाडताना ठोक्याचं बटण बंद ठेवा. हॅमरची सोय काँक्रीटसाठी आहे. चिऱ्याला नुसतं फिरणारं बिट पुरतं. वेग कमी ठेवा आणि बिट प्लगपेक्षा बारीक घ्या. ८ मिलिमीटरचा प्लग बसवायचा असेल तर ६ चं बिट लावून पाहा आणि प्लग हातोडीने हलके ठोकत आत घाला. स्क्रू लांब हवा. गिलाव्याची जाडी दोन सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे आखूड स्क्रूने धरलेली वस्तू खरं तर चिऱ्याला लागलेलीच नसते, ती गिलाव्याच्या पापुद्र्याला लटकत असते. जुन्या घरात दोन चिऱ्यांमधली सांध नुसत्या मातीची असते. बिट काही जोर न लावता आत जाऊ लागलं आणि लाल भुकटीऐवजी माती पडू लागली, तर तिथे थांबा आणि चार बोटं बाजूला सरका.

भोक पसरलंच तर कागद, काडीपेटीच्या काड्या, सुतळी असलं काही कोंबत बसू नका. भोक पाण्याने ओलं करा, सिमेंटचा घट्ट गोळा भरा, दोन दिवस हात लावू नका आणि मग त्याच जागी पुन्हा बारीक बिट लावा. जुने वायरमन आणि सुतार भिंतीत पाचरीसारखी लाकडी गट्टी सिमेंटमध्ये बसवत आणि तिच्यात स्क्रू पिळत. ती रीत आजही चिऱ्याला उत्तम लागू पडते. धुरळ्यासाठी उपाय सोपा आहे: जिथे भोक पाडायचं त्याच्या बरोबर खाली जुनं लग्नपत्रिकेचं पाकीट तोंड उघडं ठेवून चिकटपट्टीने लावा. बहुतेक भुकटी त्यात पडते आणि रंग वाचतो.

माटवीचा, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायच्या सजावटीच्या चौकटीचा, हिशेब वेगळा करायला हवा. हलक्या चौकटीला हूक लावताना माणूस फक्त चौकट डोळ्यांपुढे ठेवतो. त्यानंतर तिच्यावर कवंडळं येतात, सुपारीची शिपटी येतात, आंब्याचे टाळे येतात आणि असोले नारळ येतात. एक असोला नारळ सहज सव्वा-दीड किलोचा. पाच बांधले की साडेसात किलोपर्यंत वजन नुसत्या नारळांचं झालं. हे सगळं मूर्तीच्या बरोबर डोक्यावर टांगलेलं असतं. जुन्या घरात माटवी तुळईला किंवा वाश्याला बांधतात, म्हणून पिढ्यान्पिढ्या काही झालं नाही. नव्या स्लॅबच्या घरात मात्र प्लास्टिकच्या प्लगमध्ये स्क्रू-हूक पिळून ती लावलेली दिसते, आणि सरळ खाली ओढणारं वजन प्लगला बाहेर खेचतं. स्लॅबमध्ये फुगून बसणारा लोखंडी अँकर वापरा, चार कोपऱ्यांना चार, आणि सजवण्याच्या आदल्या दिवशी अपेक्षित वजनाच्या दुप्पट वजन, पाण्याने भरलेले डबे वगैरे, रात्रभर टांगून पाहा. स्लॅबवर ठोक्याचं बटण सुरू करायचं. इथे ते हवंच.

मशीनच्या स्वतःच्या काही खोड्या आहेत, त्या लवकर सांगून पुढे जातो. बिट उलटं फिरवायचं बटण बोटाच्या जवळ असतं आणि नकळत दाबलं जातं. मग माणूस घाम गाळत भिंतीवर रेलतो, भिंतीतून धूर येतो, भोक काही पडत नाही, आणि शेवटी दारातून कोणीतरी म्हणतं, "रे, ता उलटा फिरता!" लाकडाचं बिट भिंतीला लावलं तर एका भोकात त्याची धार संपते, भिंतीच्या बिटाच्या टोकाला कार्बाइडचा रुंद तुकडा जोडलेला असतो, तो ओळखायला शिका. चकची किल्ली चकमध्येच विसरून मशीन सुरू केलं तर ती गोळीसारखी सुटते. मशीनच्या वायरला, प्लगच्या टोकाजवळ, ती बांधून ठेवा. म्हणजे किल्ली वापरायची तर प्लग काढावाच लागतो. ड्रिल चालवताना सुती हातमोजे घालू नका. फिरतं बिट धागा पकडतं आणि मागोमाग बोट ओढतं. लुंगीचा सोगा आणि खांद्यावरचा पंचाही तसाच ओढला जातो. आधी हाफ पँट घाला, मग मशीन हातात घ्या.

विजेच्या बाबतीत मला हसू फारसं येत नाही. तीन पिनांच्या प्लगातली वरची जाड, लांब पिन अर्थिंगची. जुन्या बोर्डात ती बसत नाही म्हणून कापून टाकलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. आणि प्लगच नसेल तर दोन वायरी सोलून सॉकेटमध्ये काडीपेटीच्या काड्यांनी दाबून बसवलेल्याही. पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर, धातूच्या अंगाच्या जुन्या मशीनबरोबर हा प्रकार जीवघेणा आहे. घरात आरसीसीबी नसेल तर चतुर्थीच्या सजावटीआधी तो बसवून घ्या. तो ३० मिलिअँपिअरची गळती दिसताच वीज तोडतो. पावसात तो सारखा पडतो म्हणून त्याला वळसा घालून जोडणी करून घेणारे लोक आहेत. तो पडतो याचा अर्थ कुठेतरी वीज झिरपते आहे; बहुतेक वेळा बाहेरच्या दिव्यात किंवा विहिरीच्या पंपात. ती जागा शोधा. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहा. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, घरांनी अर्थिंगकडेही लक्ष द्यावं: सुकलेला जांभा वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात.

भिंतीच्या आतल्या वायरी सहसा बोर्डापासून सरळ वर किंवा आडव्या जातात. त्यामुळे बोर्डाच्या बरोबर वर, खाली आणि रेषेत बाजूला भोक पाडू नका, मग गणपतीच्या दिव्यासाठी ती जागा कितीही सोयीची वाटो. नळांचंही तसंच. न्हाणीघरात आरशासाठी पाडलेल्या भोकातून कारंजं उडालं आणि घरातला प्रत्येक माणूस वेगवेगळ्या दिशेने धावला, ही गजाल जवळजवळ प्रत्येक वाडीत आहे. त्या क्षणी टाकीखालचा कॉक कुठे आहे हे एकालाही आठवत नाही, आणि आठवलं तरी तो वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम झालेला असतो. म्हणून क्रम असा ठेवा: मेन स्विच बंद, मग कॉक बंद, मग पुसापुशी. कॉक आजच एकदा बंद-चालू करून पाहा. तो सापडेपर्यंत भोकात लाकडाची टोकदार खुंटी दाबून धरली की पाणी बरंच थांबतं.

आता चिकट गोंद. फेविक्विकसारखा झटपट गोंद सायनोअ‍ॅक्रिलेट नावाच्या द्रव्याचा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हॅरी कूवर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हे द्रव्य हाती आलं. ते सगळ्यालाच चिकटत होतं म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं; १९५८ मध्ये तेच गोंद म्हणून बाजारात आलं. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही की हा गोंद वाळून घट्ट होत नाही, ओलाव्याशी गाठ पडल्यावर घट्ट होतो. बोटांवर घाम असतो आणि श्रावणातल्या मालवणच्या हवेत पाणीच पाणी असतं. म्हणून मखराचा थर्माकोल जागेवर नीट बसण्याआधी अंगठा आणि तर्जनी एकमेकांना बसतात.

बोटं चिकटली तर ओढून सोडवू नका, कातडी निघते. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि एकमेकांवर घोळवत, बाजूने सोलल्यासारखी हळूहळू सोडवा. अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश काढायचं द्रावण थोडं लावलं तर लवकर सुटतात. डोळ्याजवळ किंवा ओठांना मात्र अ‍ॅसिटोन कधीही लावू नका. कोमट पाण्याने धुवा आणि डोळ्याचं असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती फडक्याने टिपू नका. सुती धाग्यांवर हा गोंद पसरला की इतक्या वेगाने घट्ट होतो की भाजण्याएवढी उष्णता निघते. आणि त्याची नळी औषधांच्या फडताळात ठेवू नका, कारण डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीशी तिची गल्लत होते. सिलिका जेलची पुडी टाकलेल्या हवाबंद बरणीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ती ठेवावी.

दाराच्या फजितीला लोक फजिती म्हणत नाहीत, पण मला ती सगळ्यांत शिकवणारी वाटते. आषाढात दार चौकटीत अडकायला लागतं. लाथ मारल्याशिवाय लागत नाही, खांदा दिल्याशिवाय उघडत नाही. वैतागून घरमालक रंधा काढतो आणि घासणारी कड तासून टाकतो. दार झकास लागतं. मग पाऊस जातो, पौष-माघात लाकूड सुकतं, आणि दार चौकटीत खुळखुळू लागतं; कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही आणि फटीतून मांजर डोकावतं. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. एवढ्या ओलीत लाकूड फुगणारच. ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवं वाढतं, म्हणून दार उंचीला नाही तर रुंदीला अडतं. सागवान कमी हलतं, आंब्याचं लाकूड जास्त.

तेव्हा पावसात दाराला रंधा लावू नका. जिथे घासतं तिथे खडूने खूण करा, कडेला मेणबत्ती घासा आणि चार महिने काढा. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की खूण केलेल्या जागी एक-दोन हातच मारा. त्यानंतर दाराची वरची आणि खालची कड रंगवायला विसरू नका. सगळे पुढचं आणि मागचं अंग रंगवतात. वरची कड दिसत नाही आणि खालच्या कडेपर्यंत ब्रश जात नाही. पाणी नेमकं तिथूनच सर्वांत जास्त शोषलं जातं, कारण दाराच्या उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथे उघडी असतात. दार बिजागरीतून उतरवून त्या दोन कडांना रंगाचे दोन हात द्या. रंगाऐवजी जवसाचं तेल देणार असाल, तर तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

खाऱ्या हवेचा मार सगळ्यांत आधी स्क्रूंना बसतो. दांडी, धुरीवाडा, देवबाग इथल्या किनाऱ्यालगतच्या घरांत साधा लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत डोकं गमावतो आणि मग तो काढायला गेलं की पेचकस नुसता घसरतो. बाहेरच्या कामाला स्टेनलेस स्टीलच घ्या आणि जमलं तर ३१६ नंबरचं मागा. त्यात मॉलिब्डेनम असल्याने ते मिठाला ३०४ पेक्षा जास्त तोंड देतं. पितळी स्क्रू सुंदर दिसतात आणि गंजत नाहीत, पण ते मऊ असतात. घट्ट लाकडात पिळताना मान मोडते. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून वाट करा, तो काढा आणि मग पितळी घाला. आट्यांना मेण लावा. साबण लावायची सवय अनेकांना आहे, पण साबण ओल धरतो आणि लोखंडी स्क्रू त्यानेच गंजतो.

जाम झालेल्या नटाला पाना लावून त्यावर लांब पाइप चढवणं हा आणखी एक हमखास प्रसंग. नट हलत नाही, हलत नाही, आणि मग एका क्षणात सुटतो. माणूस पाठीमागे खळ्यात बसतो आणि पाना माडाच्या आळ्यात. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबा. सकाळी नट आधी किंचित आवळा, मग सोडवा. गंजाचा थर आवळताना तुटतो. पाना नेहमी स्वतःकडे ओढा, ढकलू नका, आणि पाय एकमेकांपासून लांब ठेवा. काम झाल्यावर हत्यारांना खोबरेल लावून ठेवण्यापेक्षा शिलाई मशीनचं पातळ तेल लावा. खोबरेल कालांतराने खवट होतं आणि मुंग्या-उंदीर येतात.

ग्राइंडरबद्दल थोडक्यात पण ठासून सांगतो. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. तिच्यावरचं पत्र्याचं संरक्षक कवच काढून टाकून काम करणारा माणूस मी गावागावांत पाहतो, आणि काहीजण त्यावर लाकूड कापायची दातेरी चकती चढवतात. ती चकती लाकडात अडकली की मशीन उलट उसळतं. हे कधीही करू नका. लोखंड कापायच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. ओलीत पडलेली, मुदत संपलेली चकती फुटते. चष्मा लावा. नंबरचा चष्मा चालत नाही, बाजूने झाकलेला हवा.

छपरावर चढायचे दिवस मे महिन्याचे. घर शाकारताना पाय वाश्याच्या रेषेवर पडायला हवा; दोन वाशांच्या मधल्या रिपेवर नुसतं कौल असतं आणि ते माणसाचं वजन पेलत नाही. पाय माजघरात आणि बाकी माणूस छपरावर, ही अवस्था तिथेच होते. आडवी फळी टाकून तिच्यावर बसा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर कौलं आणि पत्रे दुरुस्त करायला घरोघरी माणसं चढली होती. अशा वेळी आधी तुटलेल्या विजेच्या तारा पाहा, ॲल्युमिनियमची शिडी त्यांच्यापासून लांब ठेवा, आणि वाकून ताणलेल्या फांदीला करवत लावायचं काम अनुभवी माणसाकडे द्या. शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या पाव भागावर असावा: बारा फुटांवर टेकवली तर तीन फूट लांब. पावसात खळ्यातल्या शेवाळावर शिडी उभी करू नका. आधी ती जागा खराट्याने घासून काढा.

आणि खरोखर लागलं तर? वाहतं रक्त स्वच्छ फडक्याने दाबून धरा, सारखं उघडून पाहू नका. हळद, चुना, ग्रीस जखमेत भरू नका. गंजकी, मातीची जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. डोळ्यात कण घुसून रुतला असेल तर चोळू नका, काढायचा प्रयत्न करू नका, डोळा झाकून दवाखाना गाठा. बोट तुटलं तर तो तुकडा ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. मालवणात मासळीचा बर्फ लगेच मिळतो, म्हणून लोक तुकडा थेट बर्फात घालतात. त्याने पेशी मरतात. रुग्णवाहिकेसाठी १०८.

काही कामं घरी काढूच नयेत: मीटरपासून मेन स्विचपर्यंतची वायर, तुळईला भोक, गॅसची नळी. तिथे मेस्त्री किंवा वायरमनलाच बोलवा. "आधी मेस्त्रीक इचारूक व्हया होता" हे वाक्य नंतर ऐकण्यापेक्षा ते बरं. आणि नवं घर बांधत असाल तर गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला मोजपट्टी धरून, म्हणजे वायर आणि पाइप कोपऱ्यापासून किती अंतरावर आहेत ते दिसेल. ते फोटो छापून मीटरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवा आणि टाकीखालच्या कॉकची जागाही त्यावर लिहा. पुढच्या चतुर्थीला मुंबईहून ड्रिल घेऊन येणाऱ्या पुतण्याला ते कपाट आधी उघडायला सांगा.